आधी शिट्टी की आधी शास्त्र?

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही हो. ते घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे असतात. एकेक करून येतात, कपाटात मागे जाऊन बसतात, आणि एके दिवशी कुणी दार उघडलं की धाडधाड अंगावर पडतात! परवा आमच्याकडे मंडळी जमली होती. मिसळ झाली, आणि कुणीतरी सहज विचारलं, "काय गं मुग्धा, शाळा काय म्हणते?" झालं! दोनदा चहा झाला तरी माझं संपेना. तेच तुम्हालाही सांगते.

मी मूळची पुण्याची, मेकॅनिकल इंजिनियर. जर्मनीत गेर्लिंगेनला एका कंपनीत पंप डिझाइन करायचे. पगार उत्तम, कॅन्टीन उत्तम, खुर्ची तर इतकी आरामशीर की उठवत नसे. आणि एक दिवस उठले! स्टुटगार्टजवळच्या एका गिम्नाझियममध्ये, म्हणजे मोठ्या शाळेत, शिकवायला गेले. आमच्या भागात या शाळांमध्ये एक विषयच आहे: विज्ञान आणि तंत्रज्ञान. दोन्ही एकत्र, आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, ते पोरांना शिकवायचं. या विषयाला शिक्षक मिळेनात, म्हणून इंजिनियरही चालतील असं त्यांनी काढलं. मी म्हटलं, चला!

माझा नवरा निखिल म्हणाला, "कर बिनधास्त." सासूबाईंनी नाशिकहून फोनवर विचारलं, "मास्तरीणच व्हायचं होतं तर एवढ्या लांब कशाला गेलीस गं? नाशकात काय शाळा नव्हत्या?"

अट एकच होती. पहिलं वर्ष कच्चं. वर्षाच्या शेवटी लेअरप्रोबे, म्हणजे बाहेरचा परीक्षक माझ्या वर्गात मागे येऊन बसणार, तास बघणार आणि मला मार्क देणार. नापास झाले की घरी. कंपनीतल्या माझ्या खुर्चीवर तोवर दुसरं कुणी बसलं होतं, म्हणजे हेही गेलं असतं आणि तेही. वर्षभर मी जीव मुठीत धरून शिकवलंय. खाली जे काही हसू येईल ते आत्ताचं आहे, तेव्हा मला अजिबात येत नव्हतं!

*

पहिला दिवस. जर्मन माणसं 'ज'चा 'य' करतात, त्यामुळे मी दारातच फ्राऊ, म्हणजे बाई, योगलेकर झाले. ठीक आहे, नवीन नोकरी, नवीन नाव.

मी फळ्यावर एकीकडे 'विज्ञान' लिहिलं, दुसरीकडे 'तंत्रज्ञान', आणि मध्ये मोठं प्रश्नचिन्ह. म्हटलं, सांगा बघू, फरक काय? लुकासने हात वर केला. लुकास म्हणजे वर्गातला असा मुलगा, की ज्याचा हात वर गेला की बाकीचे आधीच हसायला लागतात.

"चालत नसतं आणि का चालत नाही ते कळायला हवं असतं, ते विज्ञान. चालत असतं आणि का चालतं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, ते तंत्रज्ञान!"

वर्ग हसला. मी "असं नसतं" म्हणायला तोंड उघडलं आणि मला माझे पंप आठवले. एक पंप आमच्याकडे वर्षानुवर्षं झकास चालायचा. का चालतो ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि साहेबांनी सक्त ताकीद दिली होती, "याला कुणी हात लावायचा नाही!"

मी लुकासचं वाक्य फळ्यावर लिहून घेतलं.

*

आमच्या प्रत्येक वर्गात हवा तपासायचं एक यंत्र आहे. सिग्नलसारखे तीन दिवे. वर्गात कार्बन डायऑक्साइड वाढला की लाल लागतो. लाल लागला की तास थांबवायचा आणि सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. जानेवारी असो, बाहेर बर्फ असो, खिडक्या उघडायच्या म्हणजे उघडायच्या! ताज्या हवेच्या बाबतीत जर्मन माणूस कुणाचं ऐकत नाही.

माझ्या तासाला दिवा सारखा लाल व्हायला लागला. मला वाटलं, माझ्या शिकवण्याने पोरं जांभया देतायत, म्हणून असेल. परीक्षकासमोर असं झालं तर? त्या विचाराने मला झोप लागेना. मग एकदा फळ्याकडे पाठ असताना झटकन वळून पाहिलं, तर मिया नावाची मुलगी यंत्राला तोंड लावून फू-फू करतेय! बाकीचे वह्या आवरून खिडकीशी जायच्या तयारीत.

"मिया, ही चक्क फसवणूक आहे!"

"नाही, फ्राऊ योगलेकर. हा प्रयोग आहे. यंत्र नसतं तर आपल्या श्वासात काय असतं ते आम्हाला कळलं असतं का? तुम्हीच म्हणालात, तंत्रज्ञान विज्ञानाला डोळे देतं!"

म्हणाले होते खरं. माझंच वाक्य माझ्यावर उलटलं! मग मीही इंजिनियर. म्हटलं, "वा, फारच छान प्रयोग. आता यापुढे जितक्या वेळा लाल लागेल, तितके आलेख सगळ्यांनी घरून काढून आणायचे."

दुसऱ्या दिवसापासून हिरवा! दोन आठवडे नुसता हिरवा. शाळेच्या सुरक्षिततेचं बघणारे हेअर, म्हणजे श्रीयुत, ब्राउन, केमिस्ट्रीचे जुने शिक्षक, कधी कुणाचं कौतुक न करणारा माणूस, ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "फ्राऊ योगलेकर, शाळेत सगळ्यात शुद्ध हवा तुमच्या वर्गात आहे!" मी इतकी खूश झाले, की घरी जाऊन निखिललाही सांगितलं.

मार्चमध्ये ऊन पडलं म्हणून मी स्वतःच खिडकी उघडायला गेले. यंत्र खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलेलं होतं.

*

इरा माझ्या वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. तिचे बाबा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर.

कागदाचा पूल करायचा प्रोजेक्ट दिला होता. बाकीच्यांचे पूल म्हणजे काय वर्णावे! एकाचा तर भिजल्या पापडासारखा लोंबत होता. इराचा पूल? अहाहा! प्रत्येक जोड एकसारखा, कुठे गोंदाचा थेंब दिसेल तर शपथ. वर चार डिक्शनऱ्या ठेवल्या तरी ढिम्म हलेना.

मी विचारलं, "इरा, इथे त्रिकोण का केलेस गं?"

इराने पुलाकडे पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "माहीत नाही. तेव्हा मी झोपले होते."

पालकसभेला तिचे बाबा आले. आजूबाजूला जर्मन पालक मुलांच्या झोपेबद्दल आणि डब्याबद्दल विचारतायत. हे खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणतात, "मॅडम, आपण मराठी माणसं, म्हणून विचारतो. पुलात आपले मार्क नेमके कुठे गेले?"

'आपले' म्हणे!

मी त्यांना सांगितलं, यापुढे प्रोजेक्ट वर्गातच होणार. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. "मग पालकांचा सहभाग कसा?" म्हणाले. इराने दुसरा पूल वर्गात स्वतः केला. पहिल्याच डिक्शनरीला कोसळला! पण का कोसळला, कुठला कागद आधी वाकला, पुढच्या वेळी घडी कुठे घालायची, हे तिने असं सांगितलं की लुकाससुद्धा गप्प बसून ऐकत होता. मी तिला चांगले मार्क दिले.

संध्याकाळी बाबांचा फोन. "मॅडम, गैरसमज नको, आनंदच आहे. पण उभ्या पुलाला कमी आणि पडलेल्याला जास्त?"

*

आता इथल्या मार्कांचं सांगायलाच हवं. जर्मनीत एक म्हणजे सगळ्यात भारी आणि सहा म्हणजे दिवे लागले! चारपर्यंत पास, पाच म्हणजे नापास. अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एप्रिलमध्ये अद्वैत नावाचा मुलगा शाळेत नवीन आला, पुण्याहून. भाषा येत नव्हती, बिचारा बावरलेला. पहिल्याच चाचणीत पाच आले. त्याच्या आईला कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच शाळेच्या फाटकाशी उभ्या! हातात डबा.

"मॅडम, घ्या! घरी केलेत, दूध पावडरचे आहेत, सांभाळून घ्या."

पेढे होते. मी एक तोंडात टाकला.

"आल्या आल्या सहापैकी पाच!" त्यांच्या डोळ्यांत पाणी. "पुण्यात असताना सगळे म्हणत होते, पोराला उपटून नेताय, मागे पडेल. आता बोला म्हणावं!"

पेढा माझ्या टाळूला चिकटला. सांगू कसं हो? कसंबसं म्हटलं, "अद्वैतला थोडी मदत लागेल…"

"सहा काढायला ना? करू की!"

नंतर फोनवर सगळं नीट समजावलं. कळलं तशा त्या इतक्या हसल्या की मीच सुटले. अद्वैतला आम्ही दोघींनी मिळून हळूहळू वर, म्हणजे खाली, आणलं. आता त्याचं छान चाललंय.

पण त्या दिवशी पेढ्यांचा डबा घरी आला होता. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या, उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. "कशाचे गं पेढे?" म्हणाल्या. मी दमलेली, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. म्हटलं, "अहो आई, एका मुलाला पाच मिळाले."

"अरे वा! हुशार दिसतोय," म्हणाल्या आणि देवापुढे एक पेढा ठेवला.

मी म्हटलं, राहू दे, नंतर सांगू. ते राहूनच गेलं.

*

लेअरप्रोबेची तारीख आली. विषय मी ठरवला होता: आधी जमतं की आधी समजतं? म्हणजे माणूस आधी शास्त्र शिकतो आणि मग वस्तू करतो, की आधी वस्तू करून बसतो आणि मग का चालते ते शोधतो? आणि हे दाखवायला मी निवडला आपला कुकर! इथले कुकर मुके. आपला कसा शिट्टी मारून सांगतो. वाफ, दाब, उत्कलनबिंदू, सगळं एका भांड्यात.

पण वर्गात वाफ म्हणजे हेअर ब्राउन यांची परवानगी हवी. धोका किती, हे लिहून द्यावं लागतं. ते पेन काढून बसले.

"यात काय होतं?"

"वाफ कोंडते."

"कुठपर्यंत?"

"शिट्टी होईपर्यंत."

"शिट्टी झाली म्हणजे बिघाड?"

"नाही, नाही. शिट्टी झाली म्हणजे सगळं ठीक."

"आणि नाही झाली तर?"

"तर मग जरा घाबरायचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आल्झो, म्हणजे तुमच्या देशात अलार्म वाजला की शांत बसायचं आणि नाही वाजला की पळायचं?"

"गेनाऊ!" मी म्हटलं. अगदी बरोबर!

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग विचारलं, "याआधी कधी अपघात?" मी लहानपणी डाळ छताला लागली होती ते सांगितलं. त्यांनी छताची उंची विचारली. परवानगी मिळाली, पण अटी घातल्या. कुकरपुढे प्लास्टिकची पारदर्शक भिंत. सगळ्यांना सुरक्षा चष्मे. आणि शिट्टी वेळेत झाली नाही तर शेगडी बंद, सगळे वर्गाबाहेर!

मी हसून सही केली. कुकर आहे, शिट्टी न होऊन सांगतो कुणाला?

*

तो दिवस. परीक्षक हेअर फोग्ट मागच्या बाकावर. उंच, करडा कोट, चेहऱ्यावर इस्त्री केलेली. माझ्या तासाचा आराखडा त्यांच्या पुढ्यात, त्यात अमुक मिनिटाला शिट्टी, असं मीच लिहून दिलेलं. आम्ही सगळे चष्मे लावून बसलोय. हेअर फोग्टसुद्धा चष्म्यात. दारात हेअर ब्राउन, हाताची घडी घालून.

मी डाळ घातली, पाणी घातलं, झाकण लावलं. झाकण जरा सैल वाटलं, पण परीक्षकासमोर परत कोण उघडून बघणार?

वाट बघतोय. शिट्टी नाही. झाकणाच्या कडेने फुसफुस वाफ यायला लागली. मनात म्हणतेय, बाई गं, आज नको, उद्या वाटेल तेवढ्या शिट्ट्या मार, पण आज एक तरी मार!

लुकासचा आवाज आला, "फ्राऊ योगलेकर, आता घाबरायचं का?"

"आल्झो," हेअर ब्राउन पुढे आले, शेगडी बंद केली आणि म्हणाले, "सगळे बाहेर!"

आणि आम्ही बाहेर! माझी लेअरप्रोबे चालू असताना अख्खा वर्ग चष्मे लावून कॉरिडॉरमध्ये रांगेत उभा, रांगेच्या शेवटी परीक्षक. मी मनातल्या मनात गेर्लिंगेनच्या माझ्या खुर्चीचा निरोप घेतला, शाळेचाही घेतला. तोंडातून एवढंच आलं, "का नाही वाजली?"

मिया म्हणाली, वाफ बाजूने गेली, दाब झालाच नाही. लुकास म्हणाला, झाकण तर धातूचं, भांडंही धातूचं, फट राहणारच, मध्ये काहीतरी मऊ हवं. आणि मग इरा. अख्ख्या वर्षात विचारल्याशिवाय न बोललेली इरा पुढे आली.

"तिथे रबराची रिंग असते. आमच्या घरी रिंग सैल झाली की अशीच वाफ जाते. मग माझी आजी रिंग फ्रीजरमध्ये ठेवते. थंड झाली की घट्ट बसते."

फ्रीजर!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आदल्या रात्री सासूबाईंनी मोठ्या मायेने कुकर घासून दिला होता. रिंग सैल लागली असणार, घट्ट बसावी म्हणून ठेवली असणार, आणि मी सकाळी घाईत कुकर तसाच पिशवीत भरून आणला! मला हसू आवरेना. परीक्षक बघतायत, हेअर ब्राउन बघतायत, आणि मी भिंतीला टेकून डोळे पुसत हसतेय. काय झालं ते सांगितलं, मग पोरंही हसायला लागली.

पण मिया हसली नाही. तिने इराला विचारलं, "फ्रीजरने का घट्ट होते?"

"माहीत नाही. होते."

"खरंच होते की आजीला वाटतं?"

झालं! कॉरिडॉरमध्ये नुसता कल्ला. एकजण म्हणतोय रबर थंडीने आकसतं, दुसरा म्हणतोय नुसतं कडक होतं, लुकास म्हणतोय दोन रिंगा आणा, एक फ्रीजरमधली, एक बाहेरची, मोजून बघू. कशाने मोजायचं, यावर पुन्हा भांडण. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, मला बोलूच दिलं नाही! घंटा झाली तरी कुणी हलेना, सगळे तसेच चष्म्यात.

नंतर बंद खोलीत हेअर फोग्ट आणि मी. त्यांनी आराखडा उघडला.

"इथे शिट्टी अपेक्षित होती."

"या," मी म्हटलं. म्हणजे हो.

"ती झाली नाही."

"नाही."

"ती झाली असती तर का झाली ते तुम्ही समजावलं असतं. झाली नाही, म्हणून का झाली नाही ते मुलांनी समजावलं. हाच तर तुमचा विषय आहे, फ्राऊ योगलेकर." त्यांनी आराखडा मिटला, आणि तेव्हा मला दिसलं, चष्मा काढायचा तेही विसरले होते. "माझ्याकडून तुम्हाला एक."

एक! जीव भांड्यात पडला. पाणी मागून प्यायले, बाहेर मैदानात आले, मोकळ्या हवेत दोन मिनिटं नुसती उभी राहिले आणि घरी फोन लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत सासूबाईंनी उचलला.

"मुग्धा! अगं ती रिंग फ्रीजरमध्येच राहिली! मटार काढायला गेले तर समोर! सकाळपासून घशाखाली घास उतरला नाही माझ्या. झालं का गं तुझं? वाजला का कुकर?"

"अहो आई, नाही वाजला, पण ऐका तर! एक मिळाला मला! एक!"

पलीकडून अगदी हळू आवाज आला.

"एकच?"

"अहो आई…"

"माझ्यामुळे झालं गं हे, माझ्यामुळे. तू रडू नकोस. अजून शाळेतच आहेत ना ते साहेब? फोन दे त्यांना. जर्मन येत नाही तर नाही, मी हात जोडून सांगते, चूक सासूची आहे, तिची नाही. पोरगी वर्षभर राबलीये, तिला निदान पाच तरी द्या! पेढे मी पाठवते."